बाई, वर या!

खाली बसे देह । वर चढे मन ।
त्याचे समाधान । कोण करी ॥

मंडळी, सलाम!

बसा, बसा. मागचे जरा पुढं सरका. नाही सरकणार? ठाऊक आहे मला. देवळात सगळ्यांना मागची जागा पाहिजे आणि जेवायला सगळ्यांना पुढची! तिकडं चुलाणावर पातेलं चढलंय, वास इथवर येतोय, आणि निम्मी मंडळी कानांनी इथं अन् नाकानं तिकडं बसलीय. दिसतंय मला. काळजी करू नका. कीर्तन लांबलं तर मटण जास्त शिजेल. त्यात कुणाचंच नुकसान नाही.

तर ऐका! आज एकच प्रश्न विचारायचा आहे. नम्र माणूस ओळखायचा कसा?

हळू बोलतो तो नम्र? मान खाली घालून चालतो तो? 'मी कोण हो, मी तर तुमच्या पायाची धूळ' असं म्हणतो तो? बरं — त्याला एकदा म्हणून बघा, 'होय हो, धूळच आहात तुम्ही!' मग बघा धुळीचं वादळ कसं उठतं ते! काय गिदोन? तबलजी हसतोय. याच्या घरचाच अनुभव दिसतोय.

आपला प्रभू एकदा एका बड्या माणसाकडं जेवायला गेला होता. लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. तिथं बघतो तर काय — पाहुण्यांची नुसती झुंबड! ज्याला त्याला पंगतीचं वरचं टोक पाहिजे! तेव्हा प्रभू म्हणाला, अरे बाबांनो, लग्नाला गेलात तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका. तुमच्यापेक्षा मोठा पाहुणा आला तर यजमान म्हणेल, 'ऊठ, याला जागा दे.' मग सगळ्यांदेखत तोंड पाडून खाली जावं लागेल. त्यापेक्षा आधीच खाली जाऊन बसा. यजमान येईल आणि म्हणेल, 'मित्रा, वर ये!'

सोपी गोष्ट. लहान मुलाला कळेल अशी.

मंडळी, लहान मुलाला ही गोष्ट कशी कळली, तेच आज सांगायचं आहे.

प्रवरेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावचे दोघं-तिघं इथं बसलेत. त्या गावात एक बाई होत्या. मार्थाबाई पातारे. मराठी शाळेत मास्तरीण होत्या, तिथून निवृत्त झाल्या, पण मास्तरकी काही निवृत्त झाली नाही. दर रविवारी सकाळी देवळात मुलांची शब्बाथ शाळा घ्यायच्या. कडक इस्त्रीचं पातळ, हातात छत्री, ऊन असो नसो. त्या बोलायला लागल्या की मुलं गप्प, आणि मुलांचे बापही गप्प — कारण बापही त्यांच्याच हाताखालून गेलेले! देवळाच्या पंचांतल्या एकाला तर बाई अजून भर सभेत म्हणायच्या, 'तू बस खाली, तुला पाढे येत नव्हते.'

अशा मार्थाबाई! आणि एक गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होती — मार्थाबाईंसारखी नम्र बाई शोधून सापडायची नाही. हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? मार्थाबाईंनी.

हसू नका. बाई वाईट नव्हत्या. कुणाच्या घरी आजारपण असलं की भाकरीचं टोपलं पहिलं त्यांचं. मुलांवर जीव होता त्यांचा. पण माणसाला एकेक नाद असतो. कुणाला तंबाखूचा, कुणाला कोर्टकचेरीचा. बाईंना नम्रतेचा होता.

त्या गावात कापणीचा सण मोठा. शेतातलं पहिलं पीक देवाच्या पायरीवर आणून ठेवायचं, उपकार मानायचे, आणि मग अंगणात मांडव घालून मंडळीचं प्रीतिभोजन. पंगत लांबलचक! वरचं टोक देवळाच्या पायरीशी. तिथं उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा पाट, शेजारी मानाच्या पाहुण्याचा पाट. आणि खालचं टोक? खालचं टोक फाटकाशी, जिथं सगळ्यांच्या चपला! वाढपी वरून सुरू करायचे. वरच्यांना मटणाचे तुकडे. मधल्यांना हाडं. आणि खाली पोचेपर्यंत बादलीत काय? रस्सा! आणि त्या रश्श्यात मटणाची आठवण!

मार्थाबाई दरवर्षी कुठं बसायच्या? चपलांपाशी! अगदी शेवटी. पातळ सावरून, पाय दुमडून, मान खाली घालून बसायच्या. मग काय व्हायचं — जुने पाळक सदोबासाहेब, भला माणूस, ते उभे राहायचे. मांडवभर नजर टाकायचे. आणि हाक मारायचे, 'अहो बाई! तिथं काय बसलात? वर या!'

बाई म्हणायच्या, 'नको.'

'अहो, या हो!'

'नको, नको. मी इथंच बरी.'

'बाई, तुम्ही आल्याशिवाय प्रार्थना नाही!'

'नको हो... बरं, तुमचा शब्द कसा मोडू?'

आणि मग बाई उठायच्या! सगळी पंगत बघतेय, पोरं बघतायत, बाया एकमेकींना कोपरानं ढोसतायत — 'बघ गं, किती नम्र!' — आणि बाई त्या लांबलचक पंगतीच्या मधून, छत्रीसकट, हळूहळू वर जायच्या. पाटावर बसायच्या. तुकडे पहिले त्यांना! बाईंना वर्षभर पुरायचं ते चालणं. दिवाळी नाही, नाताळ नाही, कापणीच्या सणाचं ते चालणं म्हणजे बाईंचा खरा सण.

मंडळी, आता बाईंच्या शेजारी, त्या चपलांपाशी, अजून एक म्हातारी दरवर्षी बसायची. एस्तेरबाई वाघचौरे. गुडघ्यांनी अधू. लोक पंगतीला बसेपर्यंत ही बाई फाटकाशी वाकून सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवायची. का? तर जेवण झाल्यावर कुणाची चुकामूक नको. मग हात धुऊन तिथंच शेवटी टेकायची. हिला 'वर या' कुणी म्हटलं? नाही. तिला वर जायचं होतं? माहीत नाही. कुणी विचारलं असतं तर कळलं असतं.

लक्षात ठेवा हं एस्तेरबाईला. पुढं लागणार आहे.

मग दोन गोष्टी झाल्या. उन्हाळ्यात एस्तेरबाई वारली. आणि पावसाळ्यात सदोबासाहेब निवृत्त होऊन लेकाकडं राहायला गेले. त्यांच्या जागी नवे पाळक आले, अमोस भालेराव. तरुण माणूस, मराठवाड्याकडचा, बारीक अंगाचा. बोलणं एकदम कमी. एक शब्द आवडता — 'बरं.'

सण जवळ आला तशा मार्थाबाई हिशेब करायला लागल्या! या नव्या माणसाला पद्धत कशी माहीत असणार? समजा, बाई खाली बसल्या आणि त्यानं बोलावलंच नाही तर? गावासमोर! आपल्याच विद्यार्थ्यांसमोर! रस्सा खाऊन घरी जायचं?

बरं, सरळ सांगता येतंय का? 'पाळकसाहेब, मला वर बोलवा' असं म्हणता येतंय? मंडळी, नम्र माणसाची हीच मोठी पंचाईत असते. गर्विष्ठाला निदान मागता तरी येतं.

बाई पाळकाकडं गेल्या. म्हणाल्या, 'सण आलाय हो जवळ.'

'बरं.'

'मी आपली पंगतीत खालीच बसते. मला तिथंच बरं वाटतं.'

'बरं.'

'सदोबासाहेब ऐकायचेच नाहीत पण! वर बोलवायचेच! मी किती नको म्हटलं तरी!'

'बरं,' पाळक म्हणाले. आणि पुढं म्हणाले, 'त्रासच होत असेल तुम्हाला.'

झालं! बाई घरी आल्या, छत्री खुंटीला लावली आणि रात्रीची भाकरीच थापली नाही. भूकच मेली.

पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत बाईंनी कुठली गोष्ट घेतली असेल? बरोब्बर! पंगतीची! पोरांना चटईवर ओळीत बसवलं. एकाला यजमान केलं, फेटा बांधला. जोरात सांगितलं, म्हणजे ओसरीवर कागद चाळत बसलेल्या पाळकाला ऐकू जावं — 'मुलांनो, जो खाली बसतो त्याला यजमान काय म्हणतो?'

पोरं ओरडली, 'मित्रा, वर ये!'

'मोठ्यानं!'

'मित्रा, वर ये!!'

ओसरीवर पाळकानं कागद उलटला.

त्या पोरांमध्ये एक मुलगी होती. रिबका. पहिलीत गेलेली, समोरचे दोन दात पडलेले. ही एस्तेरबाईची नात. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही आजी-आजोबांपाशी वाढली. सणाला आजीबरोबर चपला लावायची आणि पंगत बसायच्या आत झोपून जायची, म्हणून पंगतीतलं 'वर या' तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. आजी गेल्यापासून मुलगी जरा गप्पच झाली होती. आजी गेली तेव्हा तिला कुणी काय सांगितलं? आपण सांगतो तेच! सदोबासाहेबांनी कबरीपाशी हात उंच करून सांगितलं, 'प्रभूनं एस्तेरबाईंना वर बोलावलं.' शेजारणीनं कुरवाळून सांगितलं, 'रडू नको गं, देवानं आजीला वर बोलावून घेतलं.' पोरीनं आभाळाकडं बघितलं आणि वाट बघितली. आजी काही खाली आली नाही.

आता आलं का लक्षात? गिदोनच्या आलं. बाकीच्यांना सांगतो.

रिबकानं चटईवरून हात वर केला. 'बाई, वर म्हणजे कुठं?'

बाईंचं अर्धं लक्ष ओसरीकडं. त्यांनी देवळाच्या पायरीकडं, मानाच्या पाटाच्या दिशेनं, छत्री उचलून दाखवली. 'तिकडं. वर!' आणि छत्रीचं टोक गेलं कुठं? छपराकडं!

रिबकानं छपराकडं बघितलं. 'बाई, वर बोलावल्यावर माणूस परत खाली येतो का?'

'खाली कशाला येईल, वेडे? एवढं मानानं बोलावल्यावर खाली येतं का कुणी?'

पोरीनं चटईची काडी ओढली. मग अगदी हळू म्हणाली, 'बाई, आमची आजी पंगतीत कुठं बसायची?'

'तुझी आजी? माझ्या शेजारी. सगळ्यात खाली.'

बघा मंडळी! आजी सगळ्यात खाली बसायची. जो खाली बसतो त्याला वर बोलावतात. वर गेलेला परत येत नाही. पोरीचं गणित चुकलं का? काडीचंही नाही! गणित बरोबर होतं, नुसता 'वर' हा एक शब्द पोरीनं कसा ऐकला ते शिकवणारीच्या लक्षात आलं नव्हतं. रिबका त्या चटईवरून उठली आणि यजमानाला चिकटून पहिल्या जागेवर जाऊन बसली. बाई म्हणाल्या, 'रिबका, गोष्ट कळली नाही तुला!' आणि घंटा झाली.

सण आला! पायरीवर बाजरीची कणसं, भोपळे, कुणाची कोंबडी पाय बांधलेली. उपासना झाली. मांडवात पंगत बसायला लागली. मार्थाबाई नवीन पातळ नेसून, मान खाली घालून सरळ फाटकाकडं गेल्या. आणि बघतात तर चपलांचा नुसता ढिगारा! एकावर एक, उलट्यासुलट्या. दरवर्षी कशा ओळीत असायच्या. बाईंना वाटलं, लोकांना काही शिस्तच राहिली नाही. ढिगारा छत्रीनं जरा बाजूला केला आणि बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. लक्ष होतं वरच्या टोकाकडं!

आणि वरच्या टोकाला काय दिसावं? पाळकाच्या शेजारी, मानाच्या पाटावर, बाईंच्या पाटावर — रिबका!

एक पंच म्हणाला, 'ऊठ गं पोरी, ही मोठ्यांची जागा.' पोरीनं पाट दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिचे आजोबा, शिमोनराव, लाजेनं काळेठिक्कर. 'रिबे! उठतीस का न्हाई? लोक काय म्हनतील?'

'मी न्हाई खाली बसनार!'

'अगं, का?'

पोरगी नुसतं डोकं हलवते. पाळक म्हणाले, 'बसू द्या.'

बसू द्या! मार्थाबाईंनी खालून हे ऐकलं आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्यांची विद्यार्थिनी! मागच्याच रविवारी फेटा बांधून शिकवलेली! साऱ्या मंडळीला काय वाटेल — बाई हेच शिकवतात? आणि तो पाट! पाट भरला म्हणजे आता बोलावणार तरी कुठं?

बाई तिथूनच कडाडल्या, 'रिबका! खाली ये!'

तर ती पोरगी पाटावर उभी राहिली आणि ओरडली, 'बाई, तुम्ही तितं नका बसू! उठा तितनं!'

घ्या! पहिलीतली पोर मास्तरणीला उठवतेय! मांडवात खसखस पिकली. बाई लालबुंद झाल्या. पोरीचे डोळे भरलेत हे त्या टोकाला बाईंना दिसलं नाही. मंडळी, आपला मान जिथं अडकलेला असतो ना, तिथून दुसऱ्याचे डोळे दिसत नाहीत.

प्रार्थना झाली. वाढपी निघाले. वर तुकडे पडले. मध्ये हाडं पडली. बाईंच्या पुढं भाकरी आली, बाईंनी ती मोडली नाही. का? उष्टी पत्रावळ घेऊन वर कसं जायचं? बादली आली, रस्सा पडला. तो पत्रावळीवरून वाहायला लागला, बाईंनी भाकरीचा बांध घातला, पण घास घेतला नाही. नुसती कानांत प्राण आणून बसली बाई! सगळे जेवायला लागले. भुरके ऐकू येतायत. हाक काही येत नाही. बाईंच्या मनात आलं, आता नाही येणार. आणि खरं सांगतो, त्या म्हातारीचे डोळे पाणावले. हसू नका. आयुष्यभर एकटीनं काढलेली बाई. तिला वर्षातून एकदा कुणीतरी सगळ्यांसमोर 'या' म्हणायचं. तेवढंच होतं तिच्यापाशी.

इतक्यात शिमोनराव पाळकाच्या कानाशी लागले, दरवर्षीची रीत सांगितली. पाळक म्हणाले, 'बरं.' उभे राहिले. मांडवभर नजर टाकली. आणि हाक मारली —

'बाई! वर या!'

आलं! आलं एकदाचं! पंगत थांबली. माना वळल्या. बाईंनी पातळ सावरलं, छत्री जवळ ओढली, मान खाली घातली आणि पहिलं 'नको' म्हणायला तोंड उघडलं —

'नको!!'

बाईंचं नव्हे हो! त्यांच्या तोंडून अजून शब्दच फुटला नव्हता! वरच्या टोकाकडून किंकाळी आली!

'नको! बाईंना वर नका बोलवू!'

आणि ती पोरगी सुटली! मानाचा पाट टाकला, तुकड्यांची पत्रावळ टाकली, आणि पंगतीच्या मधनं पळत निघाली. एका पंचाच्या रश्श्यात पाय, दुसऱ्याच्या लापशीत पाय! लोक ओरडतायत, आजोबा हाका मारतायत. ती थेट फाटकापाशी आली आणि बाईंच्या गळ्याला मिठी मारली. नव्या पातळावर रश्श्याची पावलं उमटली. आणि हुंदके देत म्हणाली —

'बाई, जाऊ नका! आजीला बोलावलं, ती गेली, ती आलीच न्हाई!'

भुरके बंद.

मार्थाबाईंच्या हातून छत्री गळाली.

एका क्षणात सगळं उलगडलं. छत्रीचं टोक, छप्पर, 'परत येतो का' हा प्रश्न, पाटाला धरलेली ती बोटं. पोरगी मानासाठी पाटावर बसली नव्हती. भीतीनं बसली होती. आणि त्या भीतीतून उठून पळत आली ती कुठं? जिथून माणसं वर बोलावली जातात, अगदी त्याच जागेवर! कुणासाठी? बाईंसाठी!

बाईंनी शेजारी बघितलं. रिकामी जागा. मग चपलांचा ढिगारा बघितला. आणि तेव्हा कुठं त्यांना कळलं, दरवर्षी चपला ओळीत का असायच्या ते. वर्षानुवर्षं एस्तेर या जागेवर बसली होती. वर्षानुवर्षं बाई तिच्या शेजारून उठून वर गेल्या होत्या. जाताना एकदा तरी म्हणाल्या होत्या का, 'एस्तेर, तूही चल'? एकदा तरी?

मंडळी, एस्तेरबाईला 'वर ये' म्हणणारा एकच निघाला. देव!

पाळक अजून उभेच होते. हळू म्हणाले, 'बाई... येताय ना?'

बाई म्हणाल्या, 'नको. मी इथंच बरी.'

तेच शब्द! तोंडपाठ झालेले, दरवर्षीचे. गावानं ते कितीदा ऐकले होते. पण खरे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

आणि पाळक काय म्हणाले? 'बरं.' आणि खाली बसले. सदोबासाहेब असते तर आग्रह केला असता. देव कुठला माणूस कुठं पाठवतो, त्याचं त्याला ठाऊक!

बाईंनी पोरीला त्या रिकाम्या जागेवर बसवलं. पदरानं नाक पुसलं. भाकरी मोडली, रश्श्यात कुस्करली, आणि स्वतःच्या हातानं घास दिला. पोरगी खाईना. म्हणाली, 'बाई, मग देव न्हाई बोलावनार तुम्हाला?'

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, 'नाही गं बाळा, कध्धीच नाही.' पण बाई मास्तरीण होत्या. पोराला खोटं शिकवायचं नाही. त्या म्हणाल्या, 'बोलवेल. मला बोलवेल, सगळ्यांना बोलवेल. तो यजमान आहे, ही पंगत त्याची आहे. पण वर बोलावणं म्हणजे शिक्षा नव्हे गं. ते मी तुला नीट शिकवलं नाही.'

'आजी तितं कुटं बसली आसंल?'

मार्थाबाईंनी मांडवाच्या वरच्या टोकाकडं बघितलं. तो पाट रिकामा होता. म्हणाल्या, 'पहिल्या पाटावर.'

रिबकानं विचार केला. 'पाटावर न्हाई बसता येत तिला. गुडगं दुखत्यात.'

'मग देवानं खुर्ची दिली असेल,' बाई म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. सगळ्या गावासमोर रडल्या. मान खाली घालायचंही सुचलं नाही.

मग पोरीनं घास घेतला. बाईंनीही घेतला. रस्सा निवला होता, तुकडा एकही नव्हता. बाईंनी पत्रावळ चाटूनपुसून साफ केली.

जेवणं झाली, लोक फाटकाशी आले, आणि थबकले. चपला ओळीनं लावलेल्या! जोडीनं! आणि ढिगाऱ्याच्या उरल्यासुरल्या भागाशी मार्थाबाई वाकलेल्या, नव्या पातळाचा ओचा खोचून. रिबका शेजारी उकिडवी बसून हुकूम सोडतेय, 'बाई, ही डावी हाय, ती तिकडं. आजी आसं न्हवती लावत!'

आणि बाई म्हणतायत, 'बरं.'

रिती एक जागा । चपलांच्या पाशी ।
तेथे तू बैसशी । देवराया ॥

तर मंडळी, झालं आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. सुटलो म्हणून कुणी हुश्श करू नका!

आता पंगत बसायची आहे. आणि आता तुमची पंचाईत मला दिसतेय! वर बसावं तर लोक म्हणतील गर्विष्ठ. खाली बसावं तर लोक म्हणतील, बघा, मार्थाबाई आल्या! मधे बसावं तर हाडं! काय करावं माणसानं?

मी सांगतो. कुठंही बसा. देव पाट मोजत नाही. पण आपल्या पोरांना गोष्टी शिकवता ना तुम्ही? दर रविवारी त्यांना वचन पाठ करायला लावता, 'लीन व्हा, देवाला मान द्या'? पोरं वचन नंतर पाठ करतात. आधी तुमची छत्री कुणीकडं वळली ते बघतात. आणि देवाला मान द्यायचा म्हणजे नुसती पायरीवर कणसं आणून ठेवायची नाहीत. हे जेवण ज्याचं आहे त्याला यजमान मानायचं, आणि त्यानं कुणाकुणाला बोलावलंय ते डोळे उघडून बघायचं.

म्हणून पत्रावळ पुढं आली की एक काम करा. घास घ्यायच्या आधी शेजारी बघा. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. कोण बसलंय? किती वर्षं बसलंय? त्या माणसाला, त्या बाईला, कुणी कधी एकदा तरी म्हटलंय का, 'तिथं काय बसलात, वर या'?

देव तर बोलावणारच आहे तिला. पण तो बोलावेल तेव्हा तुम्ही फुलं घेऊन जाल आणि डोळे पुसाल. त्याच्या आधी, ती जिवंत आहे, तिला ऐकू येतंय, तोवर एकदा तुम्ही हाक मारा!

उठा आता. आणि हो — चपला बघून ठेवा. या वर्षी त्या कुणी लावल्या आहेत ते मी बघितलंय. तुम्ही बघितलंय का?